पाटीवाल्या काकू

पाटीवाल्या काकू कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याआधी प्लग मागायच्या. घरातली बाई तांब्या घेऊन बाहेर येईतो यांची नजर चारी भिंतींवरून फिरून आलेली असायची. "पाणी ऱ्हाऊ द्या, प्लग कुठाय तेवढं सांगा," म्हणत त्या देवघरातल्या दिव्यांच्या माळेची पिन काढायच्या आणि आपली खुपसायच्या. नवख्या माणसाला हा आगाऊपणा वाटे. सरावलेल्या बायका त्यांना लांबून येताना पाहूनच मिक्सरची पिन काढून ठेवत.

'पाटी' म्हणजे त्यांचा टॅब. हे नाव गावोगावच्या म्हाताऱ्यांनी ठेवलेलं. जुन्या साडीची पिशवी, टॅबच्या चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी, आणि त्याचं पेन परकराच्या नाडीनं टॅबला बांधलेलं. दोन पेनं एस्टीत गेली तेव्हापासून ही नाडी आली. एवढ्या सामानावर त्या भोर आणि वेल्हे तालुक्यांत लग्नाच्या पत्रिका, खानावळींचे बोर्ड, तांदळाच्या पिशव्यांवरची चित्रं अशी कामं करायच्या. त्यांच्याकडे दुसरा कॉम्प्युटर नव्हता. टेबल नव्हतं, दुकान नव्हतं, आणि त्याची त्यांना जराही खंत नव्हती.

मी भोरच्या एका छापखान्यात डीटीपी करते, म्हणजे छापायचा मजकूर कॉम्प्युटरवर जुळवते. मी ज्या खुर्चीत बसते तिच्यात माझ्याआधी काकू बसायच्या. नऊ वर्षं बसल्या आणि एके दिवशी उठल्या. यजमान लवकर गेलेले, मुलगी पुण्यात नोकरीला लागलेली. मुलीनं टॅब दिला तो घेऊन छापखान्यात आल्या आणि मालकांना म्हणाल्या, "काम तुमचंच करीन, पण हितं बसून न्हाई. बसलं की मला गुदमारतं." मालक म्हणाले, टॅब हा पोरांना कार्टून दाखवायला असतो, त्यावर धंदा होत नाही. काकू म्हणाल्या, बघू की. मालकांचं ते मत पुढे कितीतरी दिवस तसंच राहिलं, आणि खरं सांगायचं तर माझंही तेच होतं.

बाईंच्या पायाला भिंगरी होती. भाटघरला धरणाच्या खालच्या अंगाला त्यांचं घर, पण घरी म्हणून त्या कधी सापडायच्या नाहीत. फोन लावावा तर कधी कामथडीत, कधी वेल्ह्याच्या गाडीत. चित्र काढायच्या तेही उभ्यानं, खांबाला टेकून, टॅब डाव्या हातावर तान्ह्या पोरासारखा धरून. एस्टीत बसायला जागा मिळाली तरी दोन थांब्यांनंतर उठून दाराशी. एकदा मी विचारलं, "काकू, हलत्या गाडीत रेघ सरळ येते का हो?" म्हणाल्या, "रेघ गाडी थांबली की मारायची. गाडी चालती तवर इचार करायचा." मला तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं होतं.

पण त्यांची रीत मी एकदा पालीला जाऊन स्वतः पाहिली. राजगडाच्या पायथ्याचं गाव, गडावर जाणाऱ्यांची वर्दळ, त्यामुळे घरटी जेवणाची सोय. एकाला बोर्ड हवा होता. आमच्या छापखान्यात असा माणूस आला की मी त्याला चार नमुने दाखवते, तो दुसऱ्यावर बोट ठेवतो आणि विषय संपतो. काकूंनी त्याच्या घराचा लांबून फोटो काढला आणि त्या फोटोतल्याच भिंतीवर बोर्ड काढायला घेतला. घरमालक म्हणाला जरा डावीकडे, की डावीकडे. अक्षर मोठं, की मोठं. मग त्या मला ओढत रस्त्याच्या वळणापर्यंत घेऊन गेल्या. तिथून टॅब डोळ्यांसमोर धरून म्हणाल्या, "गडावरनं उतरणाऱ्याचे पाय दुखत्यात. त्यो मान वर करून वाचत न्हाई. खाली घ्यायला पायजे." आणि बोर्ड दोन फूट खाली आला. मी आठ वर्षांत एकाही बोर्डाची भिंत पाहिली नव्हती.

त्यांचा खरा हात पत्रिकेत होता. पत्रिका म्हटली की भावकी आली, आणि भावकी आली की कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाचं राहिलं, यावरून लग्नाआधी महाभारत. आमच्याकडे घरातला एक जण कागद घेऊन येतो, नावं देतो, आणि छापून गेल्यावर बाकीचे भांडायला येतात. काकू उलट करायच्या. घरी जाऊन सगळी भावकी अंगणात गोळा करायच्या आणि टॅब हातोहात फिरवायच्या. ज्यानं त्यानं आपलं नाव आपल्या बोटानं सरकवायचं. कुणी वर नेलं की शेजारचा खाली ओढायचा. पिठाची बोटं, शेणाची बोटं, सगळी त्या काचेवर. तासभर कालवा व्हायचा आणि मग आपोआप थांबायचा. "समद्यांनी एकदा बोट लावलं की भांडण अंगणातच ऱ्हातं," त्या म्हणायच्या, "कागदावर येत न्हाई." नवरानवरीचं नाव मात्र त्या कुणाला लावू द्यायच्या नाहीत. ते पेनानं स्वतः लिहायच्या. त्यांचा 'व' पोट पुढे काढून उभा असायचा. तो 'व' पाहून लोक ओळखायचे, पत्रिका पाटीवाल्या काकूंची.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला माझ्या जिवावर येतं.

पालीतल्याच एका घरचं लग्न होतं. घरात थोर म्हणजे तात्या, ऐंशीच्या पुढचे, अजून सकाळी गुरं सोडणारे. त्यांच्या नातवाचं लग्न. काकूंनी नेहमीप्रमाणे अंगणात बसवून सगळ्यांची बोटं लावून घेतली, बांधावर जिथं रेंज येते तिथं उभं राहून मला फाईल पाठवली, आणि पुढच्या गावाला निघून गेल्या. दुपारी त्या घरून छापखान्यात फोन आला: मुलाच्या एका मामाचं नाव राहिलंय, तेवढं घाला.

खरं म्हणजे मी काकूंना कळवायला हवं होतं. त्या रेंजमध्ये येणार, नाव घालणार, फाईल पुन्हा पाठवणार. मला तेवढा दम नव्हता. त्यांची फाईल आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर उघडली तर अक्षरांच्या चिंधड्या. काना इकडे, वेलांटी तिकडे. मग मी म्हटलं, चार ओळी तर आहेत, मीच टाईप करते. 'कै. सखाराम यांचे पणतू' ही तात्यांच्या वडिलांची ओळ टाईप केली. तीच ओळ उचलून खाली ठेवली. सखारामच्या जागी तात्यांचं नाव घातलं, पणतूचं नातू केलं. 'कै.' काढायचं राहिलं. ऐंशी वर्षांच्या जित्याजागत्या माणसाला मी एका बटणानं कैलासवासी करून टाकलं, आणि पत्रिका छापून पालीला गेल्या.

घरात कुणी नीट वाचल्या नाहीत. वाटून झाल्यावर कामथडीहून तात्यांची भाची पदर डोळ्याला लावून रडत आली. तात्या अंगणात भाकरी खात होते. म्हणाले, "रडून घे. पुन्ना यायाचा हेलपाटा वाचला." तात्यांना हसू आलं, पण घरात दुसऱ्या कुणाला आलं नाही. लग्नाच्या तोंडावर थोराच्या नावामागे ते अक्षर म्हणजे अपशकुन. त्यांची सून मालनबाई, नवरदेवाची आई, तडक छापखान्यात आली. काकूंनाही मालकांनी बोलावून घेतलं.

काकूंनी पत्रिका हातात घेतली. पिशवीतून टॅब काढला, आपली फाईल पाहिली. त्यांच्या फाईलीत 'श्री.' होतं. मी खुर्चीत बसले होते, मला तिथून टॅबवरचा तो 'श्री' दिसत होता. त्यांनी एकदा पत्रिकेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मालकांचं चालूच होतं, "टॅबवर धंदा करायचा म्हणजे हे असंच. ज्यानं कुणी हे केलं त्याला माझ्या छापखान्यात जागा नाही." काकूंनी टॅब पिशवीत घातला.

"माझ्याकडनंच झालंय," त्या म्हणाल्या.

मी मान वळवली. समोरच्या पडद्यावर कसलंसं हॅण्डबिल होतं, ते वाचत राहिले. मालनबाई काकूंना एवढंच म्हणाली, "आमच्या उंबऱ्यात ती पाटी घेऊन पुन्ना यायाचं न्हाई." आणि निघून गेली.

पुढचे तीन दिवस काकू घरोघर हिंडल्या. प्रत्येक वाटलेली पत्रिका मागून घ्यायच्या, आणि त्या 'कै.'वर काळ्या शाईनं आंब्याचं पान काढायच्या. एकेक पान हातानं. नक्षी मुळातलीच वाटावी इतकं बेमालूम. मी त्यांच्याबरोबर गेले नाही. सुट्टी मिळाली नसती असं मी मनाशी म्हटलं, पण मी ती मागितलीच नव्हती.

पान छान आलं तरी बोलणारी तोंडं कशी झाकणार? पाटीवाल्या काकूंच्या 'कैवाल्या काकू' झाल्या. लोक हसत सांगायचे, पण लग्न ठरलं की पत्रिकेला दुसरीकडे जायचे. शकुनाच्या कामात कोण धोका घेणार? एक हंगाम गेला, दुसरा गेला. बोर्डांची कामं आली ती थोडी. मुलगी म्हणाली, पुण्याला ये, माझ्या ओळखीच्या एका ठिकाणी खोक्यांवरची चित्रं करायची आहेत, दहा ते सहा.

भोरच्या स्टँडवर मी त्यांना पोहोचवायला गेले. गाडी लागायची होती. त्या फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत होत्या आणि मी त्यांच्यामागून. मी चारदा तोंड उघडलं. शेवटी त्याच वळून म्हणाल्या, "तू काय बोलू नको. मला त्याच दिशी कळलं व्हतं, फाईल माझ्यापाशीच हाय की. तुझं घर त्या खुर्चीवर चालतंय. मला कुठं हितं बसायचं व्हतं?" गाडी आली. खिडकीची जागा होती, तरी त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

त्या पत्रिकेला आता चार वर्षं झाली. यंदा मालकांनी टॅब घेतला. आता सगळे त्यावरच करतात, म्हणाले, आणि माझ्या हातात दिला. गावात जाऊन पत्रिका करून आण. पहिलंच काम आलं ते पालीचं, तात्यांच्या नातीचं लग्न.

तेच अंगण. तात्या खाटेवर, कान गेलेले पण नजर तशीच. भावकी जमली, टॅब फिरायला लागला. मालनबाई चहा देता देता म्हणाली, "नीट बघून घाल गं बाई. मागं एका बाईनं आमच्या म्हाताऱ्याला जित्तेपणी मारला व्हता." सगळे हसले. मलाही हसता आलं असतं. तेवढं जमलं असतं तर मी अजून चार वर्षं गप्प राहिले असते, हे मला ठाऊक आहे.

"ती चूक माझी होती," मी म्हटलं. "काकूंच्या फाईलीत बरोबर होतं. मी टाईप करताना राहिलं. त्यांनी माझ्यासाठी अंगावर घेतलं."

टॅब ज्याच्या हातात होता त्यानं तो मांडीवर ठेवला. तात्यांना ऐकू आलं नव्हतं, म्हणून मला ते पुन्हा, मोठ्यानं, सगळ्यांसमोर सांगावं लागलं. ते खाटेवर उठून बसले. म्हणाले, "ती बाई उन्हातानात दारोदार हिंडली की गं." मालनबाईनं हातातला चहा खाली ठेवला. "म्या लई बोलले तिला," म्हणाली. मग तात्याच म्हणाले, "तिला बोलवा. ही पत्रिका तीच करंल. न्हाई तर बिनपत्रिकेचं लगीन लावू."

छापखान्यात येऊन मी मालकांनाही सांगितलं. नोकरी गेली असं धरूनच गेले होते. ते हिशेबाची वही चाळत होते. "चार वर्षांपूर्वीचं आता काय उकरून काढायचं? पुढचं काम घे," म्हणाले आणि पान उलटलं. एवढ्याचीच मला भीती होती. एवढ्यासाठी त्या बाईचं सगळं हिंडणं गेलं.

काकूंना फोन करायला मला चार दिवस लागले. पलीकडे गाड्यांचा, पावलांचा आवाज असेल असं मनात धरलं होतं. पंख्याची घरघर आणि कुणाचीतरी बटणं बडवल्याची टकटक ऐकू आली. मी सगळं सांगितलं, तात्यांचा निरोप सांगितला, मालनबाईचं सांगितलं.

"तात्या बरे हायेत ना?" त्यांनी एवढंच विचारलं.

"बरे आहेत. तुमची वाट बघतायत. काकू, या ना. गाडीनं या, मी फाट्यावर घ्यायला येते."

"न्हाई गं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. "मला आता बसायची सवय झाली."