जाताना अकरा, येताना साडेतेरा

आमच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याला सगळे शंकासुर म्हणत. त्याला त्याचं वाईटही वाटत नसे. जन्मभर दुसऱ्यांची कुलपं उघडून देणाऱ्या माणसाचा कशावरच विश्वास बसू नये, यात नवल ते काय! दूधवाला जरा जास्त हसला की हा दुधात बोट बुडवून बघायचा.

मुलगा चार वर्षांपूर्वी दूर पूर्वेकडच्या एका देशात कारखान्यात लागला होता. आता प्रथमच सुट्टीवर येत होता. "साडेतेरा तासांचा प्रवास आहे," त्याने फोनवर आईला सांगितलं आणि शंकासुराचे कान टवकारले.

"जाताना अकरा लागले होते. नऊ हजार किलोमीटर. विमानतळ तेच, अंतर तेच. मग वरचे अडीच तास गेले कुठे?"

"हवेत," बायको म्हणाली.

"चेष्टा नको. चिरंजीव मध्येच कुठेतरी उतरणार. सहा महिने झाले, फोनवर तोंड दाखवत नाही. कॅमेरा बिघडलाय म्हणे! कुणीतरी आहे, लिहून ठेव."

दुसऱ्या दिवशी दुकान तसंच टाकून तो तिकिटं काढून देणाऱ्या बाईंकडे गेला.

"काका, विमान थेटच आहे," बाई म्हणाल्या. "वर फार जोराचा वारा असतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे. जाताना तो पाठीशी होता, येताना समोरून लागतो."

"विमान म्हणजे काय माझी सायकल आहे?" म्हणत तो बाहेर पडला. बाईसुद्धा मुलाला सामील असणार, याबद्दल त्याची खात्रीच पटली.

पण विमान थेट आलं, वेळेवर उतरलं. "पटलं आता?" बायकोने विचारलं.

"थांब. एकटा येतोय का ते बघू."

मुलगा एकटाच आला. डाव्या हाताने सामानाची गाडी ढकलत होता, उजवा खिशात. आईने मिठी मारली तरी तो हात बाहेर आला नाही.

"काय लपवतोयस?"

"काही नाही, बाबा."

"हात काढ."

मुलाने हात काढला. दोन बोटं नव्हती. सहा महिन्यांपूर्वी यंत्रात गेली होती.

"आईला सांगितलं नाहीस, समजू शकतो. मला तरी?"

"तुम्ही आधी विचारलं असतंत, चूक कुणाची? डुलकी लागली होती का? प्यायला होतास का? माझी चूक नव्हती, बाबा. पण तेव्हा तुम्हाला पटवत बसायचं त्राण नव्हतं माझ्यात."

टॅक्सीत शंकासुराने मुलाचा तो हात मांडीवर घेतला आणि हळूहळू चाचपत राहिला. एके ठिकाणी मुलगा कळवळला.

"डॉक्टर म्हणाले, काही दिवस दुखणारच."

"कुठला डॉक्टर? माझा नाही भरवसा."

"अहो, आता तरी पुरे!" बायको ओरडली.

तरीही सकाळी त्याने मुलाला इथल्या सर्जनकडे नेलंच. हाडाची बारीक कपची आत राहिली होती आणि जखम आतून चिघळायला लागली होती. त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली.

"नक्की सगळं निघालं ना?" त्याने नर्सला तीनदा विचारलं. शेवटी वैतागून तिने नवा एक्स-रे त्याच्या हातात ठेवला. खिडकीच्या उजेडात धरून तो बराच वेळ बघत राहिला. मग "ठीक आहे" म्हणून बायकोशेजारी येऊन बसला, आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडू त्याला आवरेना.