कोपरा फाटलेलं निमंत्रण

पुण्यात मी हातकागद करतो. सुती चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवायचा, जाळीवर उचलायचा, वाळवायचा. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला बाईंनी कामावर ठेवलं, हे उपकार मी विसरत नाही. आणि उद्या काढून टाकतील, ही भीतीही विसरत नाही.

बाई मोठ्या कलाकार. वाळकी पानं शाई लावून कागदावर दाबतात आणि त्याला ‘काळ’ म्हणतात. आमच्याकडं, सोनपेठच्या बाजूला, त्याला पाचोळा म्हणतात. गेल्या वर्षी त्यांचं प्रदर्शन भरलं, ‘मृत्यूची पानं’. निमंत्रणं माझ्याच कागदावर छापली. बाई म्हणाल्या, “प्रत्येकाचा एक कोपरा फाड. आयुष्य अपुरंच असतं ना!” मी बसून सगळे कोपरे फाडले. तळाला बारीक अक्षरात ‘कागद’ आणि पुढं माझं नाव. स्वतःचं नाव छापलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या आनंदात एक निमंत्रण मायला टपालानं धाडलं.

कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेलं, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण कलेच्या नादाला लागलं की साधं डोकं चालत नाही. त्यात माझा मोबाईल लगद्याच्या हौदात पडला.

काही दिवसांनी बाईंच्या फोनवरून, त्यांच्यासमोरच स्पीकर लावून, गावाकडच्या शेजारच्या काकूला फोन लावला.

“काकू, मी बोलायलोय.”

“मी म्हंजे कोण?”

नाव सांगितलं. तिकडं भांडं पडल्याचा आवाज आला.

“आरं मुडद्या! तुझी माय दोन दिवस झाले जेवली न्हाई. रडायलीय नुसती. कुठून बोलायलास?”

“पुण्यातून. पत्र वाचलं न्हाई का?”

“म्याच वाचलं की! वर ‘मृत्यू’ वाचलं, खाली तुझं नाव वाचलं. मधलं कशाला वाचू?”

हे ऐकून बाईंचे डोळे भरले. मग म्हणाल्या, “ती प्रत परत आण. काचेत लावू.”

मिळेल ती एसटी धरून घरी गेलो. मायनं पाठीत दोन धपाटे घातले, मग दंड चाचपून म्हणाली, “लय बारीक झालास रे.” सांत्वनाला आलेला मामा म्हणाला, “आता आलोच हाय तर जेवूनच जातो.” मायसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा जेवली.

निघताना भीत भीत पत्र मागितलं.

“असलं पत्र घरात ठेवत असतेत व्हय? फाडून बाहीर फेकलं. शेळीनं खाल्लं.”

“सगळं?”

“लय आवडीनं.”

प्रदर्शनात लोक मान डोलवून चहा पिऊन गेले होते. ते काम पचवलेली मला तरी ही एकच शेळी माहीत आहे.

आता घरी काही धाडायचं तर मी हातकागदाच्या फाटल्यासारख्या दिसणाऱ्या चारी कडा कात्रीनं सरळ कापतो, कोपऱ्यांना हळद लावतो. बाई हळहळतात, “कड कापली की कागद मरतो रे.” मी मान डोलावतो, नोकरी आहे. कागद मेला तर मेला. माय जेवली पाहिजे.