बेलवलीच्या तिठ्यावरची पिवळी वर्तुळं

आपली शहरं सिमेंटच्या रंगाची करून ठेवणाऱ्यांनो, तुम्हाला डोळे आहेत की बटणं?

हे मी कॉलेजात भाषण ठोकताना म्हटलं होतं. टाळ्या पडल्या होत्या हो! आता पुढचं ऐका, आणि हसायचं तर तोंडावर हसा.

बेलवलीत तीन रस्ते मिळतात त्या तिठ्यावरचा रिकामा कोपरा सजवायचं काम मला मिळालं. पहिलंच काम! बाक, पोरांना खेळायला मोकळी फरशी. नगरपालिकेचे इंजिनिअर साहेब म्हणाले, "लोक वापरताना दिसले, तर खरवईची बागही तुमचीच. शनिवारी बघायला येतो."

मग मी थांबते काय! अख्खी फरशी काळीकुट्ट. त्यावर टायरएवढी पिवळीधमक वर्तुळं. प्रत्येकाच्या मधोमध लालभडक ठिपका!

दुसऱ्या सकाळी बघते, तर एक माणूस त्यावर पाय ठेवेल तर शपथ. सगळे गटाराच्या काठाकाठाने, अंग चोरून. रिक्षासुद्धा वळसा घालून! एका आजोबांनी नातवाला कडेवर घेऊन त्याचे डोळे झाकले. माझा ऊर भरून आला. कलेची केवढी कदर! रंगांनी डोळे दिपले असणार लेकराचे!

शनिवारी साहेब आले. बाक रिकामे.

"वापर कुठाय, मॅडम?"

"सर, हा आदर आहे!"

आणि माझं लक्ष मधल्या वर्तुळाकडे गेलं. नारळ. टाचण्या टोचलेली लिंबं. काळी बाहुली!

"हे... हे कुणी ठेवलं?"

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी कडाडल्या, "आमालाच इचारते? तिठ्यावर, काळ्यात पिवळी लिंबं नि वर कुंकू, तूच मांडलंस ना? ते पण अमावस्येला! एवढा मोठा उतारा मी जन्मात बघितला नाय. लोकांना वाटलं, आता हीच जागा. आणून ठेवली आपापली पीडा!"

"मावशी, ती लिंबं नाहीत, वर्तुळं आहेत! भूमितीतली!"

"मग जा की वरून चालत."

गेले! तावातावाने, मान ताठ. ही असली अंधश्रद्धा मी पायाखाली तुडवणार होते! आणि खरं सांगू? नारळ दोन पावलांवर आला, आणि माझाच पाय आपोआप कडेला वळला. साहेबांसमोर!

साहेबांनी फाइल मिटली. खरवईची बाग गेली.

त्यांचा ड्रायव्हर मात्र मागे रेंगाळला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, मी खरवईलाच राहतो. आमच्या गेटसमोर लोक बिनधास्त गाड्या लावून जातात. तिथं असलं एक काढून द्याल काय?"