बेटावरचा दीडचा पाऊस

पाच वर्षं मी पनवेलच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून एका बेटावरचा पाऊस मोजला. बेट पार पूर्वेला, विषुववृत्ताजवळ. मी ते डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही. उपग्रह वरून जाताना पावसाची नोंद करायचा, आणि तसल्या हजारो नोंदी जुळवून तिथे दिवसात नेमका कधी जोर असतो ते मी काढत होते. माझी पीएचडी होती ती. सगळी पुस्तकं म्हणत होती, दुपारी चार. माझं उत्तर आलं दीड.

अब्बांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांची उमर आखातात नोकरी करण्यात गेली, पण मनगटावरचं घड्याळ तिथेही कायम पनवेलच्या वेळेवर. "तुमी कवा जेवता, कवा निजता, मला हितं बसून कळायचं," म्हणायचे. आता रोज दीडच्या सुमाराला ते घड्याळ बघून शेजाऱ्यांना ऐकवायचे, "माझ्या लेकीच्या बेटावर पाऊस लागला."

प्रबंध देण्याआधीच्या शेवटच्या सादरीकरणाला बाहेरून एक म्हातारे प्राध्यापक आले होते. त्यांनी एकच विचारलं, "बेटाची वेळ कशी काढलीत?"

"नोंदी ग्रीनिच वेळेत असतात, सर. त्यात साडेपाच तास मिळवले," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच चूक कळली. साडेपाच आपले. बेटाचे आठ. माझ्या दीडमध्ये राहिलेले अडीच घाला, चार होतात. सवयीने एक आकडा टाकला होता, पहिल्याच वर्षी, आणि परत कधी बघितलाच नव्हता.

कुणी रागावलं नाही. माझ्या गाईडबाईंनी फाईल मिटली, एवढंच. फेलोशिप त्याच महिन्यात संपत होती, आणि जगाला माहीत असलेले चार पुन्हा सांगायला पदवी कोण देतं? पाच वर्षं पाण्यात गेली. आता मी पळस्पे फाट्याजवळच्या क्लासमध्ये नववीला रेखांश आणि स्थानिक वेळ शिकवते. हसायचं तर हसा.

अब्बांना सांगायचं राहून गेलं होतं. एका दुपारी मनाचा हिय्या करून त्यांच्यासमोर बसले. त्यांनी घड्याळ पाहिलं. "दीड वाजला. लागला असंल ना गो तिकडं?"

मी सवयीने मनात अडीच मिळवले. पनवेलला दीड वाजतो तेव्हा बेटावर चार वाजलेले असतात. त्या क्षणी तिथे खरंच पाऊस पडत होता.

"लागला, अब्बा."

"मग डॉक्टर कवा होणार तू?"