चांदनीची पाव गोळी

राजुऱ्याच्या बसस्टँडमागच्या मेडिकलमध्ये अयूबभाई एकतीस वर्षं काउंटरवर उभे होते. दुकान दुसऱ्याचं, पण गाव म्हणायचं ‘अयूबभाईचं मेडिकल’. डॉक्टरनं चिठ्ठी कशीही खरडलेली असो, ती ते एका नजरेत वाचत. जड औषध दिसलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, “संग गॅसची लिहून देल्ली का? नाई? मंग घेऊन जा, पोट खराब होईन.” खाणीतले कामगार त्यांना चिडवायचे, पण गोळी घेऊन जायचे. आमच्याकडे कडक औषधाबरोबर गॅसची गोळी लिहिली नाही, तर तो डॉक्टरच कच्चा ठरतो.

मी त्यांचा शेजारी, रिटायर मास्तर. मला मांजरांचा तिटकारा, तरी त्यांच्या मांजरीचं सगळं मला माहीत आहे. शमीमभाभी गेल्या तेव्हा त्यांनी नवऱ्याजवळ एकच मागणं केलं होतं, की चांदनीला सांभाळा. मूलबाळ नव्हतं. त्या घरात मागे राहिलेलं बोलकं माणूस म्हणजे ती मांजरच.

२००९च्या उन्हाळ्यात चांदनी मागचा एक पाय ओढायला लागली. अयूबभाईंनी तिला टोपलीत घालून एसटीनं थेट नागपूर गाठलं. मांजरासाठी नागपूर! अख्खा मोहल्ला हसला, मीही हसलो. तिथल्या जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, की हिचं काळीज कमजोर आहे, पायात रक्ताची गुठळी अडकली, रक्त पातळ करायची माणसांची गोळी हिला रोज पाव द्या. अयूबभाईंना दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेला होता, तेही तीच गोळी घेत. “गुरुजी, आमी दोघं आता एकाच गोळीवर,” ते जवळजवळ खुशीत म्हणाले.

गोळी जहर कडू. मी टॉवेलात मांजर आवळून धरायचो, ते जबड्यात तुकडा टाकायचे, आणि तिच्या तोंडाला नुसता फेस यायचा. दुसऱ्या आठवड्यात तिला उलट्या सुरू झाल्या. “पोटात आग होऊन राह्यली तिले,” ते म्हणाले आणि स्वतःच्या गॅसच्या कॅप्सूलमधले चिमूटभर दाणे मासळीच्या पाण्यात कालवून तिला पाजले. मग रोजच. नागपूरला फोन करून विचारावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. माझ्या तरी कुठं आलं?

चार महिने ती हिंडली. ऑक्टोबरात एका सकाळी भिंतीपलीकडून अशी किंचाळी ऐकू आली की मी चहा टाकून धावलो. चांदनीचे मागचे दोन्ही पाय गार पडले होते. अयूबभाई ते तळहातात घेऊन चोळत बसले होते. नागपूरची गाडी मिळायच्या आत तिनं त्यांच्या मांडीवर जीव सोडला.

डिसेंबरात मी त्यांच्यासोबत चंद्रपूरला गेलो, त्यांच्या काळजाच्या तपासणीला. डॉक्टरनं त्यांच्या गोळ्या बघितल्या आणि गॅसची बाजूला काढली. “ही बदलून देतो. रक्त पातळ करायच्या गोळीचा असर हिनं कमी होतो, असं आता समोर आलंय.”

अयूबभाईंनी स्वतःबद्दल एक शब्द विचारला नाही. “साहेब, मांजराले पन असंच होते का?”

डॉक्टर हसले. मग अयूबभाईंचा चेहरा बघून म्हणाले, “मांजरांचं मला नाही सांगता येणार.”

बाहेर येऊन त्यांनी एसटीडी बूथवरून नागपूरच्या डॉक्टरला फोन लावला. मांजरांमध्ये असं होतं की नाही हे अजून कोणी नक्की सांगू शकत नाही, असं ते डॉक्टर म्हणाले. शिवाय असल्या काळजाच्या मांजरीला औषध देऊनही पुन्हा गुठळी होऊ शकते. स्वतःला दोष देऊ नका.

परतीच्या गाडीत मी तेच पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. वर्धा नदीचा पूल येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांचा बांध तिथं फुटला. भरल्या गाडीत म्हातारा माणूस हमसून रडला, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

“कोनालेच मालूम नाई, म्हून मी सुटलो का, गुरुजी?” ते म्हणाले. “एकतीस वर्षं अख्ख्या राजुऱ्यानं मले इचारून गोळ्या खाल्ल्या. मीनंच कोनाले इचारलं नाई.”