खटका दाबलाय

कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावरून भांडणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. पण इंटरनेटच्या वायरीच्या टोकाला खटका कसला असावा, यावरून जेवणाचं ताट बाजूला सारणारा माणूस जगात एकच, आणि तो नेमका आमच्या थोरल्या बहिणीनं नवरा म्हणून पसंत केला! दाजी घरोघरी इंटरनेट जोडून देतात. कुणाकडेही गेले की पाण्याआधी त्यांना राउटर बघायचा असतो. केबल टीव्हीच्या वायरीचं पेचाचं टोक त्यांना मुळीच पटत नाही. "धरतंय घट्ट, पर सोडवाय पान्हा लागतोय. असला पावणा नको!" फिरवून अडकवायचं टोक म्हणजे "लबाड! अर्धं फिरलं तरी बसल्यागत दिसतंय." आणि फायबरचं, नुसतं ढकलून बसणारं? "गुणाचं हाय, पर वढलं की आलंच भाईर." त्यांचा सगळा जीव लॅनच्या साध्या वायरीवर, तिच्या त्या इवल्याशा प्लास्टिकच्या जिभेवर. ती 'टक्क' वाजली की दाजींच्या चेहऱ्यावर बासुंदी खाल्ल्याचं समाधान! मग वायर ओढून दाखवत गरजतात, "बघा पावणं! वढलं तर सुटत न्हाय, आन् बोटानं दाबलं तर अडवत न्हाय. माणसानं असं असावं!"

स्वतः दाजी तसे नव्हते. एकुलत्या एका लेकीला बंगळूरच्या नोकरीसाठी घरूनच, कॉम्प्युटरवर मुलाखत द्यायची होती, तर "कोल्हापुरात काय नोकऱ्या न्हाईत व्हय?" म्हणून हे आठवडाभर धुमसत होते. मुलाखतीच्या दिवशी मी त्यांच्याकडेच होतो. मुलाखत सुरू झाली आणि चित्रच गोठलं. बघतो तर काय, गावभर खटके तपासत हिंडणाऱ्या दाजींच्या घरच्याच वायरीची जीभ तुटलेली! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. नवं टोक बसवायला वेळ कुठला? दाजी थेट टेबलाखाली शिरले आणि अंगठ्यानं वायर आत दाबून बसले. वर लेक धडाधड इंग्रजीत उत्तरं देतेय, खाली बाप घामाघूम! अंगठा जरा सैल सोडला असता तर नोकरी हुकली असती आणि लेक घरीच राहिली असती. पण दाजी हलले नाहीत. मला त्या दिवशी हा माणूस इतका आवडला की काय सांगू!

नोकरी लागली. स्टँडवर बंगळूरच्या गाडीच्या खिडकीतून दाजींनी लेकीचा हात जो धरला, तो सोडेनातच. "ओ काका, सोडा की, गाडी हलाय लागलीया!" कंडक्टर ओरडला. तेव्हा पोरगी रडता रडता हसली, त्यांच्या अंगठ्यावर हलकेच बोट दाबलं आणि म्हणाली, "आप्पा, खटका दाबलाय."

दाजींनी हात सोडला. घरी येऊन त्यांनी त्या वायरीला नवं टोक बसवलं. ते टक्क वाजलं. पण या वेळी त्यांनी वायर ओढून बघितली नाही.