झालंकाकांची साक्ष

भाजलेल्यांच्या वॉर्डात ड्रेसरचं सगळ्यात अवघड काम म्हणजे जखमेला चिकटलेली जुनी पट्टी सोडवणं. ती आधी भिजवायची, मग कडेकडेनं उचलत काढायची. तोवर माणूस खाटेची दांडी घट्ट धरून पडलेला असतो. त्या वॉर्डातले एक ड्रेसर अशा वेळी अखंड बोलत राहायचे. "झालं, झालं. एवढंच राहिलं. हे बघा, संपलंच." संपलेलं काही नसायचं, कधी कधी तर नुकती सुरुवात असायची. पण त्या आवाजानं माणसाची मूठ सैल पडायची. रोग्यांनीच त्यांचं नाव झालंकाका पाडलं, आणि ते निवृत्तीनंतरही त्यांना चिकटून राहिलं. घरी काकूसुद्धा संधी सोडत नसत. "काय झालंकाका, नळ दुरुस्त झाला का? की नुसतंच झालं, झालं?"

कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलर फुटला तो दिवस त्यांच्या नोकरीतला सगळ्यात वाईट. खाटा भरल्या, मग व्हरांडा भरला. पट्ट्या संपल्या, सलाईन संपलं, शेजारच्या गावांहून मागवावं लागलं. एकाला धुवायला घ्यावं तर मागून दुसरा पाण्यासाठी हाका मारत होता. संध्याकाळी मोठे डॉक्टर पायरीवर टेकले आणि म्हणाले, "एक बॉयलर फुटला तर आपली ही गत. अख्ख्या शहरावर अणुबॉम्ब पडला तर काय करणार आहोत आपण?" एवढं बोलून ते उठून गेले. काकांच्या डोक्यातून मात्र ते वाक्य हललं नाही.

म्हणूनच असेल, निवृत्त झाल्यावर एका शुक्रवारी पोस्टाच्या कोपऱ्यावर त्यांचे पाय थांबले. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई आणि वकिली सोडलेले एक वकील तिथं कापडी फलक धरून उभे होते. अण्वस्त्रं कमी करायच्या करारावर देशानं पूर्वी सही केली होती. आता सरकार त्यातून अंग काढून घ्यायच्या बेतात होतं, आणि ते होऊ नये एवढंच यांचं मागणं होतं. वकिलांचा हात भरून आला होता. "धरू का जरा?" काका म्हणाले. त्यांनी फलकाची काठी धरली ती पुढं दर शुक्रवारी, वर्षानुवर्षं सोडली नाही.

लोक थट्टा करायचे. "काका, बॉम्ब कधी आहे? रविवारी असेल तर आधी सांगा, उगाच कपडे धुवायला नको." काका हसायचे, उत्तर द्यायचे नाहीत. बोलायचं काम बाईंचं. घरी काकू चपला घालतानाच गाठायच्या. "निघाले जग वाचवायला! जाता जाता तेवढी चक्की उघडी आहे का बघा. आणि सावकाश या, मला काही घाई नाही."

अखेर सरकारनं ठरवलं की करारात राहायचं की नाही यावर एक समिती लोकांचं म्हणणं ऐकेल आणि मग मत देईल. प्रत्येक संस्थेचा एकच माणूस बोलणार होता. बाईंनी काकांचं नाव दिलं.

"मी? अहो बाई, मला चारचौघांत नाव सांगताना घाम फुटतो."

"भाऊ, आकडे सगळेच सांगतील, आणि ते ऐकून कोणाची झोप उडत नाही. तुम्ही पाहिलंय ते सांगा. एकदाच, पण त्यांना चांगलं घाबरवा."

वकिलांनी समितीतली गणितं काढली होती. निम्मे इकडे, निम्मे तिकडे, आणि टोकाला बसणारा एक तरुण सदस्य, त्याचं अजून ठरलेलं नाही. "सगळं त्याच्या मतावर आहे, काका. तुम्ही त्याच्याकडे बघून बोला."

काकांनी न्हाणीघरात नळ सोडून तालीम केली. बाहेरून काकू विचारायच्या, "कोणाशी बोलताय? बादलीशी?"

समितीची खोली थंड होती. खाली गालिचा, टेबलावर पाण्याचे पेले, प्रत्येकापुढे नावाची पाटी. बाई आणि वकील मागच्या खुर्च्यांवर बसले. काका उभे राहिले आणि टोकाच्या तरुणाकडे बघून त्यांनी सुरुवात केली. आवाज पहिल्यांदा कापला, मग स्थिरावला.

"माणूस फार खोल भाजला की त्याला दुखत नाही. नातेवाइकांना वाटतं, बरं आहे. पण तसं नसतं. दुखायला तिथं काही उरलेलंच नसतं. तो शुद्धीवर असतो, बोलतो, घरी कधी सोडणार विचारतो. आणि आम्हाला माहीत असतं की..."

त्या तरुणाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं टेबलाची कड धरली. बोटं आवळली गेली, पेरं पांढरी झाली. काकांनी ती मूठ आयुष्यभर पाहिली होती. तिच्यापुढे काय करायचं हे त्यांना ठरवावं लागत नसे, ते आपोआप व्हायचं. त्यांचा आवाज खाली आला, मऊ झाला.

"नाही, तसं नेहमीच होत नाही," ते म्हणाले. "पुष्कळ माणसं बरी होतात. आमच्याकडं झाली की! चालत घरी गेली. घाबरायचं नाही. हे बघा, झालंच माझं. एवढंच होतं."

तरुणानं कड सोडली. पाणी प्यायला. अध्यक्ष हसून म्हणाले, "वा, फार धीर देणारं बोललात." काका खाली बसले, तेव्हा कुठे त्यांना कळलं आपण काय करून बसलो ते. मागं वळून बघायची त्यांची छाती झाली नाही.

बाहेर पडताना त्या तरुणानं त्यांना गाठलं आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "काका, मन हलकं केलंत. मी उगाच धास्ती घेतली होती."

काकांना म्हणता आलं असतं, थांबा, ऐका. ते म्हणाले नाहीत. त्या माणसाचे हात अजून गार होते.

समितीनं करारातून बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलं, आणि फरक एकाच मताचा होता. अहवालात लिहिलं होतं की रुग्णालयातल्या अनुभवी साक्षीदारानंही अवास्तव भीतीचं कारण नसल्याचं सांगितलं. वकिलांनी ते वाचून कागदाची घडी घातली. बाई म्हणाल्या, "भाऊ, मनाला लावून घेऊ नका." मग त्या चष्मा पुसत बसल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर काकांना सोसलं असतं.

पुढं सरकारनं करार सोडल्याची बातमी आली. काका जेवायला बसले होते. घास तसाच राहिला.

"एवढं काय?" काकू म्हणाल्या. "कागदच फाटला ना? काय होतं त्यानं?"

"काही नाही. जेव तू."

काकूंनी वाढायचा चमचा खाली ठेवला. "वॉर्डातल्या आवाजात बोलू नका माझ्याशी. मी तुमची रोगी नाही, बायको आहे. समितीला सांगणार होतात ते मला सांगा."

मग काकांनी सांगितलं. समोरची मूठ आवळली, तरी ते थांबले नाहीत. एकदा थांबण्याचा काय परिणाम झाला ते त्यांनी पाहिलं होतं. व्हरांड्यातली माणसं सांगितली, सुजून मिटलेले डोळे सांगितले, पाण्यासाठीच्या हाका सांगितल्या. "त्या दिवशी निदान मी होतो पाणी द्यायला," ते म्हणाले. "बॉम्ब पडला तर वॉर्ड नसेल, डॉक्टर नसतील, पाणी नसेल. लोक हाका मारत राहतील आणि कोणी येणार नाही." एवढं सलग ते जन्मात बोलले नव्हते, आणि एकही शब्द चुकला नाही.

काकूंनी दोघांची ताटं झाकून ठेवली. मग त्यांनी विचारलं, "आणि तेव्हा तुम्ही कुठं बाहेर असाल तर?"



तेव्हापासून काकू त्यांना एकटं बाहेर जाऊ देत नाहीत. दूध आणायला गेले तरी दारात उभ्या असतात. वरून विमान गेलं की त्यांची बाही धरतात. टोमणे सगळे आटले. काकांनी एकदा मुद्दाम शर्ट उलटा घातला, खोलीभर हिंडले, तर काकूंनी गुपचूप तो काढून सरळ करून दिला.

त्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी काका चपला घालून उंबऱ्याशी गेले होते. मागून काकू फक्त म्हणाल्या, "जायलाच हवं का?" काकांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि चपला काढल्या.

पोस्टाच्या कोपऱ्यावर आता बाई आणि वकील दोघंच उभे असतात. वकिलांचा हात लवकर भरून येतो, म्हणून ते दोघं हल्ली अंधार पडायच्या आतच फलक गुंडाळतात.